मुलीच्या मामाला चक्कर येते

"तू तिथे पडलास ना अच्यु, तर मी तुला उचलायला येणार नाही. आधीच सांगून ठेवते," आक्का म्हणाली आणि माझ्या खांद्यावरचं उपरणं तिने असं काही ओढून सारखं केलं, की पडायचाच असतो तर मी तेव्हाच पडलो असतो.

सांगलीच्या एका मंगल कार्यालयातली ती सकाळ. आक्का माझी थोरली बहीण. लग्न तिच्या एकुलत्या एका मुलीचं, वैजूचं. आणि मी मुलीचा मामा. सख्खा आणि एकटाच. आमच्या आईने दुसरा एखादा मुलगा जन्माला घातला असता तर किती बरं झालं असतं, असं त्या सकाळी माझ्या मनात बरेचदा येऊन गेलं.

"मी काय म्हणतो आक्का, वशाला उभं केलं तर? चुलत असला तरी मामाच की तो."

"मामा काय भाड्याने मिळतो?"

"पण मला आज सकाळपासून..."

"तुला दोन वर्षं सकाळपासूनच होतंय. धोतराचा सोगा नीट खोच."

तिचं खोटं नव्हतं. मी तेव्हा चाळिशीचा होतो. तासगावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, लग्न केलं नव्हतं, आणि माणसांपेक्षा पुस्तकांत बरा रमायचो. एका दुपारी कपाटासमोर उभा असताना पायाखालची फरशी होडीसारखी एका बाजूला कलली. मी कपाट धरलं. फरशी परत जागेवर आली, पण माझा तिच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. मग ती भोवळ कुठेही गाठायला लागली. बाजारात, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीत. आणि भोवळीपेक्षा वाईट होतं ते तिच्या पाठोपाठ येणारं दुसरं प्रकरण. सगळं जिथल्या तिथे असायचं आणि तरी खरं वाटायचं नाही. माणसं काचेपलीकडे गेल्यासारखी दिसायची. माझाच आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू यायचा. एकदा तर पुस्तकावर शिक्का मारता मारता मी आपल्याच हाताकडे बघत राहिलो, की हा कुणाचा?

हे दुसरं प्रकरण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. भोवळ म्हटलं की लोक लिंबू देतात. हे सांगितलं असतं तर कुठल्या इस्पितळात नेतील, ते मला ठाऊक होतं.

फक्त मिरजेच्या एका डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी कान, डोळे, रक्तदाब, सगळं तपासून झाल्यावर विचारलं, "आजवर पडलात किती वेळा?"

"पडलो नाही."

"एकदाही नाही?"

"नाही. पण पडेन."

"आणि हे खोटं खोटं वाटतं म्हणता, त्यात कधी वेड्यासारखं वागलात?"

"नाही. पण वागेन."

"ही काळजीतून येणारी चक्कर आहे, अच्युतराव. ती येते, चढते आणि उतरते. तुम्ही तिच्याशी झोंबाझोंबी करता म्हणून मुक्काम वाढवते. येऊ द्या. आधार शोधू नका. आणि मुख्य म्हणजे, लपवू नका."

एवढं सांगायला त्यांनी घसघशीत फी घेतली, याचा मला राग आला होता. येऊ द्या म्हणे! यांचं काय जातंय? मी घरी आलो तो बसमधल्या दांडीला दोन्ही हातांनी लटकूनच.

तर वैजूच्या लग्नात वशाला उभं करणं खरंच का चालणार नव्हतं, ते सांगतो. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला, म्हणजे वरपक्षाचं स्वागत करतात तेव्हा, मला भोवळ आली आणि मी मांडवाच्या खांबाला मिठी मारून उभा राहिलो. ते नेमकं नवऱ्या मुलाच्या आजीने पाहिलं. हर्डीकर मंडळी निपाणीची, घरात शब्द चालायचा तो या आजींचा. त्यांनी आमच्या दाजींना, म्हणजे आक्काच्या यजमानांना, बाजूला बोलावून विचारलं, "मुलीच्या मामांना फिट्स येतात का हो? असलं दुखणं आईकडून उतरतं म्हणतात."

दाजी वीज मंडळात होते. लोकांची समजूत काढायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "छे छे! पित्त आहे त्यांना. भयंकर पित्त."

लग्नघरात दुखणं बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. सर्दीसुद्धा "जरा धूळ गेली" म्हणून खपवायची. तेव्हा रातोरात असं ठरलं, की मला पित्त आहे. आणि सकाळी मी मुलीच्या मागे ठणठणीत उभं राहायचं. उभा राहिलो नाही तर आजी म्हणणार, बघा, मामाला लपवला. उभा राहून पडलो तर म्हणणार, बघा, फिट आली. दोन्हीकडून वैजूच्याच संसारात पहिल्या दिवशी माती पडणार. मुलगा चांगला होता आणि मुख्य म्हणजे वैजूला मनापासून आवडला होता. माझ्या दोन पायांवर इतकं ओझं आजवर कुणी ठेवलं नव्हतं.

बरं, नुसतं ओझं ठेवून थांबतील तर ती आमची माणसं कसली! सकाळपासून माझ्यावर उपचार चालले होते. मावशीने आल्याचा रस पाजला. काकूने कोकम सरबत पाजलं. कुणी खिशात सोललेला कांदा कोंबला, त्याच्यावर कुणी अत्तराचा बोळा ठेवला, आणि दोन्ही मिळून जो वास सुटला त्याने धडधाकट माणसालाही घेरी आली असती. मी "नको" म्हणालो की "तुझं नेहमीचंच!" आणि "बरं वाटतंय" म्हणालो की "बघ, आल्यानेच!"

"दाजी, मला जरा पाच मिनिटं कुणी काही देऊ नका," मी हात जोडले.

"देत नाही. फक्त एक व्यवस्था केलीय," दाजी म्हणाले. "रंगा आणि वशा तुमच्या दोन बाजूंना उभे राहतील. कुणाला कळणार नाही."

रंगा आणि वशा हे माझे चुलतभाऊ. दोघेही तालमीत जाणारे. ते कुठेही उभे राहिले तरी सगळ्यांना कळायचं.

"त्यांना सांगा, मला हात लावू नका."

"गरज पडली तरच हो!"

तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "मुलीच्या मामांना बोलवा!"

मुलीला गौरीहराच्या खोलीतून मांडवात आणायचं काम मामाचं. मी भिंतीच्या कडेकडेने त्या खोलीत गेलो. पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून वैजू पाटावर बसली होती आणि अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत होती. तोंडाने जप चालला होता, पण चेहरा असा, की जणू दुकानदाराने सुटे पैसे परत दिले नाहीत.

"मामा, किती वेळ! मला भूक लागलीय. पाय बधिर झालेत."

"चल, बोलावलंय." माझा आवाज पुन्हा शेजारच्या घरातून आला.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "चालू झालं का तुझं?"

"झालं."

"जास्त?"

"तू जरा लांब दिसतेयस."

का कोण जाणे, तेवढं तिच्याजवळ बोलून गेलो. ती उठली, साडी झटकली, माझ्या कानाशी वाकून कुजबुजली, "मग एक कर. पडायचंच झालं तर पुढे पड, माझ्यावर. मी सांभाळते. लोकांना वाटेल मामा भाचीच्या गळ्यात पडून रडला."

"आणि आजींना?"

"आजींना तर फारच आवडेल. कालपासून त्या मला विचारतायत, तुझ्याकडचं कुणी रडत कसं नाही."

मी हसलो असेन. मला नीट आठवत नाही. तिचा दंड धरून मी तिला मांडवात आणलं. म्हणजे दिसायला तसं दिसलं. खरं तर तिनेच मला आणलं.

अंतरपाट धरला गेला. पलीकडे मुलगा, अलीकडे वैजू, तिच्या मागे मी. भटजींनी सुरुवात केली. समोर पहिल्या रांगेत हर्डीकर आजी, हातात अक्षता आणि नजर थेट माझ्यावर. त्या नातसुनेकडे बघतच नव्हत्या.

भटजींची मंगलाष्टकं मी तग धरून काढली. धरण्यासारखं जवळ काही नव्हतं. मामाच्या जागेला ना भिंत असते ना खांब. मी वैजूच्या अंबाड्यातल्या गजऱ्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, संपत आलं, संपत आलं. आता भटजींनी शेवटचं म्हणायचं आणि अंतरपाट बाजूला.

तेव्हा भटजी थांबले आणि नम्रपणे म्हणाले, "घरच्या कुणाला म्हणायची आहेत का?"

घरच्या सगळ्यांनाच म्हणायची होती! आधी आमच्या काकूने म्हटलं. मग मुलाच्या मामीने. मग मुलाची आत्या, प्रमिलाआत्या, कागदांची सुरळी घेऊन पुढे आली. तिने स्वतः रचली होती. त्यात हर्डीकरांच्या कुलदैवतापासून निपाणीच्या घराच्या तुळशीवृंदावनापर्यंत सगळं होतं. नात्यातलं प्रत्येक नाव घेतल्याशिवाय ती कुणाला सोडत नव्हती. मोठं नाव ओळीत मावेना की ती ते दोनदा म्हणायची, एकदा अर्धं आणि एकदा पूर्ण. दर खेपेला "सावधान" आलं की लोक आशेने अक्षता टाकायचे, बँडवाला काठी उचलायचा, आणि आत्या कागद उलटायची.

चौथ्या की पाचव्या कागदाला फरशी कलली.

नेहमीसारखीच. आधी पोटात खड्डा, मग कानात घूं, मग मांडव सगळा मागे सरकला. गजरा, अंतरपाट, भटजींचं पोट, सगळं एखाद्या दुकानातल्या काचेमागे मांडून ठेवल्यासारखं. हे लग्न खोटं आहे, ही माणसं खोटी आहेत, मी इथे नाहीच, असं ते सुरू झालं. मी श्वास रोखला. अंगठे जमिनीत रुतवले. आपलं नाव, गाव, वाचनालयाचा पत्ता मनात घोकला. जेवढं घट्ट उभं राहायला जावं तेवढा जास्त हेलपाटायला लागलो.

आणि त्याच क्षणी डावीकडून रंगाने आणि उजवीकडून वशाने माझे दंड पकडले.

"धरलंय दादा! घाबरू नको!" रंगा कानात म्हणाला. रंगाचं कानात म्हणजे पाचव्या रांगेपर्यंत.

त्यांनी मला इतकं वर उचलून धरलं होतं, की टाचा जमिनीला लागत नव्हत्या. समोर आजींनी मान पुढे काढली. मागून कुणीतरी माझ्या नाकाला कांदा लावला. प्रमिलाआत्या तुळशीवृंदावनावरून गोठ्याकडे वळली.

आता पुढे जे झालं त्याला धैर्य म्हणायचं की नाही, याचा मी अजूनही विचार करतो. मला ते धैर्य वाटत नाही. मला वाटतं, तो नुसता वैताग होता. दोन वर्षं साठलेला. त्या भावांचा, कांद्याचा, पित्ताचा, आत्याच्या काव्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या भोवळीचा. मनात म्हटलं, बाई गं, दोन वर्षं पाडते पाडते म्हणतेस, एकदाची पाड आणि मोकळी हो! नाहीतर निदान गप्प तरी बस!

"सोडा मला!" मी ओरडलो.

आयुष्यात मी तेवढ्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. ग्रंथपालाचा जन्म दुसऱ्यांना "हळू बोला" सांगण्यात गेलेला. आत्याचा सूर हवेतच राहिला. भावांनी हात काढले आणि माझ्या टाचा जमिनीला टेकल्या.

आजींचा आवाज आला. "काय झालं हो मामा?"

दाजी लगबगीने पुढे झाले. "काही नाही, काही नाही, पित्त..."

"पित्त नाही," मी म्हणालो. "मला चक्कर येते. आत्ता आली आहे. जमीन हलते आणि माणसं खरी वाटत नाहीत. तुम्हीसुद्धा आत्ता खऱ्या वाटत नाही आहात. फिट्स येत नाहीत. मिरजेला सगळं तपासून घेतलंय. भीतीने येते म्हणतात. मी आजवर पडलो नाही आणि आज पडलो तर पडलो. त्यात या मुलीचा काही दोष नाही. मला कुणी धरू नका, काही पाजू नका, आणि तो कांदा लांब न्या."

एवढं बोलून झालं आणि मग मला कळलं, की मी काय बोललो. वैजूची पाठ माझ्यासमोर होती, ती हलत होती. मला वाटलं, ती रडतेय.

आजी दाजींकडे वळून म्हणाल्या, "मग हे काल सरळ सांगायला काय झालं होतं? पित्ताचा माणूस रात्री तळलेल्या मिरच्या मागून घेतो होय? मी म्हटलं, ही माणसं काहीतरी भलतंच दडवतायत. रात्रभर डोळा नाही माझा."

"तसं नाही, आजी..."

"तसंच आहे. चक्कर येते तर येते. माणूस आहे." मग त्या भटजींना म्हणाल्या, "तुम्ही काय बघत बसलात? मुहूर्त काय थांबलाय तुमच्यासाठी? आणि प्रमिले, तू पुरे. उरलेलं बारशाला म्हण."

वैजूची पाठ आता जोरात हलायला लागली आणि मला कळलं, की ती हसतेय. अंतरपाटापलीकडून नवऱ्या मुलाचंही फिस्स ऐकू आलं. भटजींनी घाईने शेवटचं म्हटलं, अंतरपाट खाली आला, बँड वाजला, अक्षता माझ्या चष्म्यावर आपटल्या.

चक्कर गेली का? नाही गेली. अक्षता खऱ्या वाटत नव्हत्या, बँड दुसऱ्या गावात वाजत होता. पण मी तिला थोपवत नव्हतो. आता तिच्यापासून लपवण्यासारखं आणि तिला हिसकावून नेण्यासारखं माझ्याजवळ काही शिल्लकच नव्हतं. ती आपली चढली, जरा वेळ घुटमळली आणि माझ्या लक्षात येण्याआधी उतरली. लक्षात आलं ते पंगतीत, जिलबीचा दुसरा वेढा मोडताना. मी कुणाचा आधार न घेता मांडवातून पंगतीपर्यंत चालत आलो होतो.

पंगतीत अर्थातच मला कुणी सुखाने जेवू दिलं नाही. निपाणीहून आलेल्या एका गृहस्थांनी गाईच्या तुपाचे थेंब नाकात घालायला सांगितलं. दुसऱ्यांनी पायाच्या अंगठ्याला दोरा बांधायला सांगितला. दोघांचं त्यावरून भांडण जुंपलं. मी दोघांनाही "हो" म्हणालो.

संध्याकाळी वैजू सासरी गेली. गाडीत बसताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, आजी म्हणाल्या, तुझ्या माहेरचा एक तरी माणूस खरं बोलतो." मग मात्र ती रडली, आणि मीही.

कार्यालय रिकामं झालं. गडी सतरंज्या गुंडाळत होते. दाजी आचाऱ्याशी हुज्जत घालत होते. मी मागच्या पायरीवर एकटा बसलो होतो. आक्का आली. मला वाटलं, आता ठेवणीतलं बोलणं सुरू होणार. भर मांडवात शोभा केलीस, म्हणणार. पण ती माझ्या शेजारी बसली. बसताना तिने आधी कठड्याला हात लावला, मग पायरीला, मग हळूच टेकली. गुडघे दुखतात, असं ती नेहमी म्हणायची.

"अच्यु."

"हं. बोल, किती बोलायचं ते."

"ते... सगळं लांब जातं, तेव्हा तुला आवाज कुठून येतो?"

"कसला आवाज?"

"तुझाच रे. आपण बोलतो आणि तो दुसऱ्या कुठल्या तरी घरातून आल्यासारखा येतो. आणि हाताकडे बघितलं की वाटतं, हा कुण्या बाईचा हात?"

मी तिच्याकडे वळून पाहिलं. हाताचं आणि आवाजाचं मी मांडवात बोललो नव्हतो. मिरजेच्या डॉक्टरांशिवाय कुणाजवळच बोललो नव्हतो.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?" ती समोरच्या उकिरड्यावर भांडणाऱ्या कावळ्यांकडे बघत होती.

माझ्या डोळ्यांसमोरून बारा गोष्टी गेल्या. आक्का बाजारात कधी एकटी जात नाही. देवळात नेहमी भिंतीकडेला. जिना चढताना वैजूचा खांदा हवा. आणि गुडघे, गुडघे, गुडघे.

"केव्हापासून?"

"वैजूच्या वेळेला दिवस गेले होते, तेव्हापासून."

"दाजींना ठाऊक आहे?"

"वेडा आहेस का? लग्न होऊन वर्ष नव्हतं झालं. सासूबाई बसल्या होत्या समोर. त्यांना काय सांगू, तुम्ही मला खऱ्या वाटत नाही?"

मला हसू आलं. तिलाही येत होतं, पण तिने ते दाबलं.

"म्हणून काल यांनी त्या म्हातारीचं 'आईकडून उतरतं' येऊन सांगितलं," ती म्हणाली, "तेव्हा सगळे तुझ्याकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, आता एकेक जण वळून माझ्याकडे बघणार."

"आक्का, तुला एक सांगू? मिरजेचे ते डॉक्टर..."

"जाईन. तू चल बरोबर." ती उठायला लागली. कठडा धरला, मग हात सोडला, मग पुन्हा धरला, आणि एकदम माझ्यावर उखडली. "आणि काय रे मेल्या, एवढं मोठ्यांदा ओरडता येत होतं तुला, तर आधीच ओरडायला काय झालं होतं?"